पर्यटन अभ्यासक्रमातील परकीय भाषाशिक्षण आणि सांस्कृतिक आकलन : अजिंठा-जपान संबंधांच्या संदर्भात

पर्यटनाच्या अभ्यासक्रमात परकीय भाषेचे अध्यापन बहुधा अभिवादन, दरपत्रक आणि दिशादर्शक वाक्ये यांपुरते मर्यादित राहते. भाषेच्या तासाला इतिहासाची जोड मिळाल्याशिवाय सांस्कृतिक आकलन साध्य होत नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात अजिंठा व जपान यांच्या संबंधांच्या आधारे केले आहे.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्यामुळे अजिंठ्याची लेणी जगापुढे आली. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये भारतात आलेले जपानी चित्रकार अराई कंपो यांनी पुढे येथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या १९२३ च्या कांतो भूकंपात नष्ट झाल्या. जपानमधील होर्यूजी मंदिराच्या ज्या भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक अजिंठ्याशी करतात, तीही १९४९ च्या आगीत होरपळली. दुसऱ्याच वर्षी जपानने सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा कायदा केला. लेण्यातील रंग का जपावेत, हे जपानी पाहुण्यास सांगताना हा इतिहास मार्गदर्शकाच्या कामी येतो.

भाषेतही हा संबंध मुरलेला आहे. बोधिसत्त्व जपानीत 'बोसात्सु' झाला, अवलोकितेश्वर 'कान्नोन' झाला. 'ध्यान' हा शब्द चीनमार्गे 'झेन' या रूपात तेथे पोहोचला. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे वर्णन 'हाती कमळ घेतलेला सुंदर राजपुत्र' असे शुद्ध जपानीत करता येईल. परंतु पाहुणा आपल्या देशातील मंदिरात ज्या करुणामूर्तीपुढे हात जोडतो, तिची ओळख त्यातून पटत नाही. जपानमध्ये कान्नोन अनेकदा स्त्रीरूपात दिसते. येथील पुरुषरूप पाहून पडणाऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ शब्दसंग्रहातून मिळत नाही.

जपानी वर्णक्रमावर बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासाचा प्रभाव आहे. त्यामुळे 'आ, इ, उ, ए, ओ' म्हणताना मराठी विद्यार्थ्यास परक्या भाषेत आपलीच वर्णमाला भेटते. जपानीतील आदरार्थी क्रियारूपे शिकवतानाही 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतील भेदापासून प्रारंभ करता येतो.

यास्तव भाषा व इतिहास या विभागांनी काही घटक संयुक्तपणे शिकवावेत आणि मौखिक परीक्षा शक्य तेथे प्रत्यक्ष स्थळी घ्यावी. पाठ केलेली वाक्ये पाहुण्याच्या पहिल्या अनपेक्षित प्रश्नाशी संपतात. इतिहास जाणणारा विद्यार्थी मात्र तेथूनच संवाद सुरू करू शकतो.