शर्यत

बोईसरच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेली तरुण मंडळी रविवारी सायंकाळी दूरचित्रवाणीसमोर बसून, ज्यांची चाके सांगाड्याबाहेर उघडी असतात अशा फॉर्म्युला वनच्या मोटारी पाहतात, तेव्हा त्यांच्या तोंडून वारंवार कानी पडणारा ‘शर्यत’ हा शब्द मूळचा अरबी ‘शर्त’, म्हणजे अट. फारसीत शर्त बांधणे म्हणजे पैज लावणे झाले, आणि आपल्याकडे पैजेवरून तो शब्द धावण्याच्या चढाओढीवर स्थिरावला. त्याचेच भावंड ‘शर्थ’ पराकाष्ठेच्या अर्थाने रूढ झाले. मूळ अर्थ मात्र दफ्तरात टिकला. पालघरकडे एखादा सातबारा उलगडला, तर ‘नवीन अविभाज्य शर्त’ हा शेरा आजही आढळतो, आणि त्या तीन शब्दांपायी जमीन विनापरवानगी विकता येत नाही.

मला विशेष आनंद वाटतो तो याचा, की फॉर्म्युला वनच्या शर्यतीतही मूळची शर्त नांदते: धावपट्टी कोरडी असली, की प्रत्येक चालकाला किमान दोन प्रकारचे टायर वापरावेच लागतात, आणि ते बदलण्यासाठी नेमके केव्हा थांबावे यावर पुष्कळदा जयापजय ठरतो.

आज बोलण्यात ‘रेस’ बळावली असली, तरी बैलगाड्यांची अजून शर्यतच भरते, आणि निवडणुकीच्या बातम्यांत उमेदवारही शर्यतीतच असतात.