नोंद आणि कात्री

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना भाषा शिकवताना अलीकडे एक स्वाध्याय आम्ही आवर्जून देतो. आपल्या गावातील एका माणसाला बोलते करायचे, ते ध्वनिमुद्रित करायचे आणि त्यातून तीन मिनिटांची ऐकण्याजोगी गोष्ट तयार करायची. लातूरच्या एका विद्यार्थिनीने आपल्या आजीकडून २०१६ च्या पाणीटंचाईची आठवण घेतली. त्या वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची रेल्वे प्रथम लातुरात आली; दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. आजी म्हणाली होती, "टँकर येऊलालाय म्हणून समदे पळूलालते, मी घागर घेऊन दारातच बसले." तयार झालेल्या गोष्टीत मात्र हे वाक्य नव्हते. त्या जागी विद्यार्थिनीच्या आवाजात एक निवेदन होते: 'टँकर येत असल्याचे समजताच नागरिकांची एकच धावपळ उडाली.' आजीचा म्हणून उरला होता तो एक 'हो' आणि शेवटचे हसू.

"आजीचे बोलणे अशुद्ध वाटत होते, म्हणून काढले," असे तिने सांगितले. ते प्रामाणिक होते, आणि दोष तिचा एकटीचा नव्हता. 'येऊलालाय', 'करूलालास' ही रूपे नांदेड-लातूर भागाची ओळख आहेत. 'करू लागला' या रचनेशी त्यांचे नाते उघड आहे. क्रिया चालू असल्याचे ती नेमकेपणाने सांगतात. तरीही लिहिताना ती आपोआप गळतात. आता ती आवाजातूनही गळू लागली आहेत. हे गळणे आजचे नाही, त्याला इतिहास आहे.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. उधळ्या पुत्राची बायबलमधील गोष्ट निरनिराळ्या बोलींत सांगवून घ्यायची आणि त्या नमुन्यांवरून बोलींची तुलना करायची, ही त्यांची पद्धत होती. १९१३ पासून पुढे याच उपक्रमाचा भाग म्हणून ग्रामोफोनच्या तबकड्यांवर प्रत्यक्ष आवाजही घेतले गेले. परंतु निजामाचे हैदराबाद संस्थान या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर होते. म्हणजे मराठी बोलींची पहिली मोठी मोजदाद झाली तेव्हा मराठवाडा त्या नकाशावर जवळजवळ कोरा राहिला. आपल्या बोलीला कोणी अशुद्ध ठरवण्याआधीच ती नोंदीबाहेर गेली होती.

पुढे रेडिओ आला. हैदराबादचे संस्थानी केंद्र १९३५ साली सुरू झाले, 'डेक्कन रेडिओ' या नावाने ते ओळखले जाई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने युद्धबंदी जाहीर केली, ती रेडिओवरूनच. मराठवाड्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी बातमी अशी आवाजातून आली. परंतु तो आवाज राज्यकर्त्याचा होता. रेडिओभोवती जमलेल्या माणसांचे त्या दिवशीचे शब्द कुणी टिपून घेतले नाहीत. ते आपल्याला पुढे लिहिलेल्या आठवणींतूनच मिळतात. १ एप्रिल १९५० रोजी हे केंद्र भारत सरकारकडे आले. आकाशवाणीच्या काळात खेड्यातली भाषा रेडिओवर पोचली हे खरे. पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांसाठी व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक दीर्घकाळ काम करत होता. तरी रेडिओवरचे भाषण बहुधा आधी लिहून घेतले जाई. वक्ता बोलतो आहे असे वाटले तरी तो वाचत असे. लिहिलेल्या शब्दाचा धाक आवाजावरही राहिला.

ध्वनिफितीच्या काळातील संपादनाची रीत विद्यार्थ्यांना आम्ही मुद्दाम सांगतो. फीत सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे सुमारे १९ सेंटिमीटर धावे. अर्ध्या सेकंदाचा श्वास काढायचा तर साडेनऊ सेंटिमीटर फीत कापावी लागे. फीत हाताने मागेपुढे सरकवत शब्दाची सुरुवात शोधायची, पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि दोन टोके चिकटवायची; छेद तिरका, कारण सरळ सांध्यावर खट् असा आवाज येण्याची भीती. कापलेला तुकडा टेबलाशी लोंबत राही. कापणाऱ्याला त्याने काय काढले ते डोळ्यांना दिसत असे. आज मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवले की शब्द नाहीसा होतो आणि मागे काहीच उरत नाही.

आवाज जपण्याचे मराठीतील सर्वांत मोठे काम झाले ते माध्यमांच्या बाहेर. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प उभा केला. हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा झाल्या. आधी त्या लिहून घेतल्या गेल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. १९९६ साली परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज असाच टिपला गेला. हा संग्रह २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर खुला होऊ लागला. तिथे ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. ग्रंथालयातल्या नोंदपत्रासारखी दिसणारी ही साधी गोष्ट पत्रकारितेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. आवाज कुणाचा, हे हरवले की त्याचा पुरावा होत नाही. फक्त पार्श्वसंगीत होते.

दुसरे उदाहरण सीमेपलीकडचे, पण उदगीरहून बिदरमार्गे गेले तर फार दूर नसलेले. तेलंगणातील जहिराबादजवळ पस्तापूर परिसरात दलित शेतकरी स्त्रियांनी 'संगम रेडिओ' उभा केला. युनेस्कोच्या मदतीने त्या ध्वनिमुद्रण आणि संपादन शिकल्या. परवाना नव्हता तेव्हा कार्यक्रम कॅसेटवर भरून ऐकवले गेले. १५ ऑक्टोबर २००८ रोजी प्रत्यक्ष प्रसारण सुरू झाले. त्या आपल्या बोलीतच बोलल्या. मात्र २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणात बातम्यांना मुभा नव्हती. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटले होते. आपल्या गावची बातमी आपल्या आवाजात सांगण्याची वाट तरीही बंदच राहिली. आज ती इंटरनेटमुळे मोकळी झाली आहे. 'गोष्ट दुनियेची', 'तीन गोष्टी' यांसारख्या बीबीसी मराठीच्या पॉडकास्टमुळे आवाजातली मराठी पत्रकारिता मोबाइलवर पोचली. साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

म्हणूनच स्वाध्यायाचे तांत्रिक नियम आम्ही थोडेच ठेवले आहेत. पंखा बंद करावा. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर संपेल असा प्रश्न विचारू नये. बोलणे संपल्यावर त्या जागेची नुसती शांतता अर्धा मिनिट टिपून घ्यावी, कारण पुढे सांधे झाकायला तीच उपयोगी पडते. दोन नियम मात्र तांत्रिक नाहीत. पहिला: माणूस जे स्वतः सांगू शकतो ते निवेदनात सांगू नये, निवेदकाने फक्त तारीख, आकडा, संदर्भ द्यावा. दुसरा: मूळ नोंद कधीही पुसू नये.

दुसरा नियम आम्ही उशिरा शिकलो. आजीचे मूळ मुद्रण आम्ही मागितले तेव्हा ते मोबाइलमधून गेलेले होते. जागा भरली म्हणून पुसले होते. विद्यार्थिनी पुन्हा गावी गेली, आजीला पुन्हा बसवले, तोच प्रश्न विचारला. पण पहिली गोष्ट नातीने आजीला ऐकवली होती. आपले बोलणे कुठे कापले गेले हे आजीला ठाऊक झाले होते. या वेळी ती मोबाइलकडे पाहून सावकाश म्हणाली, "टँकर येत होता, म्हणून सगळे लोक धावत होते." दाराचा आणि घागरीचा उल्लेखच आला नाही. ते मुद्रण आम्ही जपून ठेवले आहे. वर्गात आता ते ऐकवतो, आणि आधीचे वाक्य फळ्यावर लिहितो.