आब महिन्याची नवमी

श्रावण लागला की आपल्याकडे उपासांची रांग लागते. सोमवार, शनिवार, मधूनच एकादशी. घरात साबुदाणा भिजत पडतो, वऱ्याचे तांदूळ निवडले जातात, आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' अशी थट्टाही होते. आपला उपास तसा हसतमुख आहे. पण बहुधा ह्याच सुमारास, म्हणजे आपल्या श्रावण शुद्ध नवमीच्या आगेमागे, ज्यू लोकांचा एक उपास येतो. त्यात फराळ नाही, पाणीही नाही. तो पुण्यासाठी नाही की नवसासाठी नाही. तो सुतकाचा उपास आहे, आणि हे सुतक एका इमारतीचे आहे.

ज्यूंच्या पंचांगात आब नावाचा महिना आहे. आपल्या महिन्याप्रमाणेच तोही अमावास्येनंतर सुरू होतो. त्या महिन्याच्या नवव्या दिवशी जेरुसलेमचे मंदिर पडले, असे ते मानतात. एकदा नव्हे, दोनदा. पहिले मंदिर बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने इ. स. पू. ५८६ च्या सुमारास जाळले आणि लोकांना धरून बाबिलोनला नेले. पुढे इराणच्या राजांच्या अमदानीत ते परतले, मंदिर पुन्हा उभे राहिले. ते दुसरे मंदिर रोमन सेनापती टायटस याने इ. स. ७० मध्ये जाळले. रोममध्ये टायटसच्या नावाची कमान आजही उभी आहे. मंदिरातला सात फांद्यांचा सोन्याचा दीपवृक्ष खांद्यावर घेऊन सैनिक मिरवणुकीने चालले आहेत, असे दृश्य तिच्यावर कोरलेले आहे. जिंकणाऱ्याने दगडावर कोरून ठेवले, हरणाऱ्याने उपास करून ठेवला!

तारखेबद्दल शंका काढणारे विद्यार्थी असतातच, आणि ते असावेत. बायबलातच एका ठिकाणी आबची सातवी तिथी दिली आहे, तर दुसऱ्या ठिकाणी दहावी. मग नववी आली कोठून? ज्यू पंडितांनी हा मेळ असा घातला : शत्रू सातव्या दिवशी मंदिरात शिरला, नवव्या दिवशी सायंकाळी आग लावली आणि दहाव्या दिवशी ते दिवसभर जळत राहिले. म्हणून कित्येक घरांत उपास सुटल्यावरही दहाव्या दिवसाच्या दुपारपर्यंत मांस शिजत नाही. आग अजून विझली नाही ना!

आता हे सुतक पाळतात कसे ते पाहा. आपल्याकडे माणूस गेला म्हणजे पहिले दिवस कडक, मग दहावा, तेरावा, महिना, वर्ष, असे दुःख उतरत जाते. ज्यूंच्या घरी माणूस गेला तरी तसेच : सात दिवस जमिनीलगत बसावयाचे, मग तीस दिवस, आईबाप असतील तर वर्षभर. ह्या सुतकात मात्र क्रम उलटा आहे. आधीच्या महिन्याच्या, तम्मूझच्या, सतराव्या दिवशी शहराचा तट फुटला. त्या दिवसापासून तीन आठवडे लग्ने नाहीत, वाजंत्री नाही, अनेकजण केसही कापत नाहीत. आब लागला की मांस आणि द्राक्षासव बंद, शनिवारच्या शब्बाथाचा अपवाद सोडून. नवमीच्या आदल्या संध्याकाळी साधे, एकट्याने बसून खावयाचे जेवण. पुष्कळ ठिकाणी उकडलेले अंडे आणि राखेत बुडवलेला भाकरीचा तुकडा. सूर्य मावळला की सुमारे पंचवीस तास अन्न नाही, पाणी नाही. स्नान नाही, तेल नाही, चामड्याचा जोडा नाही. प्रार्थनामंदिरात दिवे मंद करतात, माणसे जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर बसतात आणि 'विलापगीत' हा बायबलातला शोकग्रंथ हलक्या आवाजात वाचला जातो. येताजाता एकमेकांना नमस्कार-चमत्कारही करावयाचा नाही. धर्मग्रंथाचा नेहमीचा अभ्याससुद्धा त्या दिवशी वर्ज्य, का, तर अभ्यासाने मनाला आनंद होतो! आम्हा मास्तर मंडळींनी हे कारण ऐकून ठेवण्यासारखे आहे.

म्हणजे दुःख जुने झाले म्हणून ओसरू द्यावयाचे नाही, तर दरवर्षी पायरी-पायरीने त्याच्याजवळ जावयाचे. आपणही पानिपत विसरलो नाही. १७६१ सालची ती गोष्ट अजून 'पानिपत झाले' अशी बोलण्यात येते. पण त्या दिवशी कोणाच्या घरची चूल बंद राहत नाही.

वर्गात मी हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो : "सर, हरलो त्याचा दोष रोमनांना दिला की झाले, स्वतः कशाला उपाशी राहावयाचे?" ह्या प्रश्नाचे उत्तर ज्यूंच्या तालमूद ग्रंथातच आहे, आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. तालमूदचे पंडित म्हणतात की दुसरे मंदिर रोमनांच्या बळाने नव्हे, आपसातल्या विनाकारण द्वेषाने पडले. त्यावर ते गोष्ट सांगतात.

जेरुसलेमात एका गृहस्थाचा काम्सा नावाचा मित्र होता आणि बार काम्सा नावाचा वैरी. त्याने मेजवानी घातली, काम्साला बोलवावयास गडी पाठवला. गडी नावात चुकला आणि बार काम्साला घेऊन आला. यजमान संतापला, "ऊठ!" म्हणाला. तो बिचारा म्हणतो, "आलोच आहे तर बसू द्या, माझ्या जेवणाचे पैसे देतो." नाही. "अर्ध्या मेजवानीचे देतो." नाही. "सगळ्या मेजवानीचे देतो." यजमानाने त्याला धरून बाहेर काढले. पंक्तीला मोठमोठे पंडित बसले होते, कोणी चकार शब्द काढला नाही. यजमानापेक्षा त्या गप्प बसलेल्यांचाच राग येऊन तो तडक रोमन सत्तेकडे गेला आणि ज्यू बंड करताहेत अशी चुगली केली. पुरावा म्हणून मंदिरात बळी देण्यासाठी बादशहाकडून वासरू आणले, आणि वाटेत त्याला बारीकसे व्यंग केले. व्यंग असलेला पशू ज्यूंना चालत नाही. सलोख्यासाठी तो अर्पण करावा असे बहुतेकांचे मत झाले, पण एका पंडिताने नियमावर बोट ठेवले. बळी नाकारला गेला आणि युद्ध पेटले.

ही गोष्ट जशीच्या तशी इतिहास नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना बजावतो. पण तिच्यामागचे वास्तव खरे आहे. त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो, की बाहेर वेढा पडण्याच्या वेळी आतले गट एकमेकांशी लढत होते आणि त्या भांडणात त्यांनी शहराची धान्याची कोठारे जाळली. शत्रूच्या आधी उपासमार घरच्यांनीच आणली. ज्यांच्या गावात पाणवठ्यावरून दोन तट पडले आहेत, त्यांना हे परके वाटणार नाही.

मंदिर गेले तरी लोक उरले कसे? योहानान बेन झक्काई नावाच्या पंडिताला शिष्यांनी मेल्याचे सोंग करवून शवपेटीतून वेढ्याबाहेर काढले, अशी परंपरा आहे. त्याने रोमन सेनापतीजवळ यावने हे लहानसे गाव आणि तिथले विद्वान तेवढे मागून घेतले. तिथे पाठशाळा चालली. बळी गेले, प्रार्थना आणि पाठ राहिले.

ह्या दिवसाचा आपल्या मातीशीही संबंध आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे वंशज आपण, असे कोकणातले बेने इस्राएल सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे रोहेकर. मराठी ही त्यांची घरची भाषा. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले. त्यांनी आबच्या नवमीला नाव काय दिले असेल? 'बिरड्याचा सण'! मोड आणून सोललेल्या वालाचे बिरडे ह्या दिवसाशी जोडले गेले होते. ज्यूंमध्ये मसूर हे फार पूर्वीपासून सुतकाचे अन्न. मसुराला तोंड नाही, दुःखी माणसालाही बोलावयास तोंड नसते, असे कारण देतात. मसुराची जागा आपल्या कडव्या वालाने घेतली असावी, हा माझा आपला तर्क. जगभर ज्या दिवसाचे नाव घेताना आवाज खाली येतो, त्याला रायगडच्या स्वयंपाकघरातले नाव मिळाले.

दुपार टळली की ह्या उपासाचा रंग थोडा पालटतो. माणसे जमिनीवरून उठून बाकावर बसतात. तारणहार ह्याच दिवशी जन्माला येतो, अशीही एक जुनी समजूत आहे. पुढच्या शब्बाथाला यशया संदेष्ट्याचे सांत्वनाचे प्रकरण वाचतात, आणि सांत्वनाचे वाचन सात आठवडे चालते. नवमीनंतर सहाव्या दिवशी, आपल्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास, आबची पौर्णिमा येते. मंदिर उभे होते तेव्हा त्या दिवशी जेरुसलेमच्या मुली पांढरी वस्त्रे नेसून द्राक्षमळ्यांत नाचावयास जात. वस्त्रे मात्र प्रत्येकीने दुसरीकडून उसनी आणलेली असत. जिच्याजवळ नाही, तिला लाज वाटू नये म्हणून.