खिचड्याचं ताट, तिळगुळाची वाटी

मराठवाड्यातल्या आमच्या घरी थंडी पडली की एका रात्री गहू भिजत पडायचा. सडलेला गहू, हरभऱ्याची डाळ, मसूर, मूग, मूठभर तांदूळ. दुसऱ्या दिवशी अंगणात तीन दगडांची चूल मांडून त्यावर देग चढायची. मटण वेगळं शिजायचं, मग दोन्ही एकत्र करून घोटायचं. घोटायला अब्बा, मामा आणि शेजारचे चाचा आळीपाळीने बसायचे, कारण एका माणसाचा हात त्या लाकडी घोट्यापुढे अर्ध्या तासात हार मानतो. संध्याकाळी वर तळलेला कांदा, पुदिना, लिंबू. झाला खिचडा.

माझं काम त्यानंतर सुरू व्हायचं. झाकलेली ताटं घेऊन गल्लीत फिरायचं. कोणाच्या घरी माणसं किती, कोणाला तिखट चालत नाही, कोण बाळंतीण आहे, हे सगळं अम्मीला पाठ. चौकापलीकडच्या काकूंकडे मटण चालत नसे. त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात गाजराचा हलवा व्हायचा आणि तो आधी पोचवायचा, खिचड्याचा हात लागण्यापूर्वी. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. शेजारधर्म म्हणून ते आपोआप पाळलं जायचं.

मागच्या हिवाळ्यात आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, हलीम, खिचडा हे बाहेरचे पदार्थ ना?" प्रश्न निरागस होता, पण तो त्याच्या कानावर कुठून आला असेल, हे मला कळलं. मी त्याला जे सांगितलं, तेच जरा सविस्तर इथे लिहितो.

पदार्थाचं मूळ अरबांकडे आहे, हे खरं. त्याचं जुनं नाव हरीसा. गहू आणि मांस तासन् तास शिजवून, घोटून एकजीव करायचं. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राकने पाककृतींचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात हरीसा आहे. 1226 मध्ये मुहम्मद अल-बगदादीने लिहिलेल्या पुस्तकातही तो आहे. काश्मीरमध्ये आजही हिवाळ्याच्या पहाटे लोक गरम हरीसा खायला दुकानात जातात.

पण हिंदुस्थानात आल्यावर त्याचं काय झालं, ते 'आईन-ए-अकबरी'त दिसतं. अबुल फजलने अकबराच्या मुदपाकखान्याची मापं लिहून ठेवली आहेत. हरीसा: दहा शेर मांस, पाच शेर कुटलेला गहू, दोन शेर तूप. पुढे हलीम येतो, त्यात गव्हाबरोबर हरभरा आहे आणि शलगम, गाजर, पालकही आहे. या भाज्या कधीच्या? आपल्याकडे हिवाळ्याच्या. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच त्या अरबी देगेत इथलं शेत उतरलं होतं. त्याच यादीत खिचडीही आहे: तांदूळ, डाळ आणि तूप, प्रत्येकी पाच शेर!

आणि खिचडी तर इथलीच. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलंय की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर रोज सकाळी खातात आणि त्याला 'किश्री' म्हणतात. जहांगीर गुजरातेत असताना त्याला बाजरीची खिचडी इतकी आवडली की मांस न खाण्याच्या दिवशी हीच आणत जा, असा हुकूम त्याने दिला. हे त्याने स्वतःच्या आठवणींत नमूद केलंय. आमच्या खिचड्याने नावही या खिचडीकडूनच घेतलं आणि डाळीही. हरीसा घोटून गुळगुळीत करतात. खिचड्यात मात्र दाणा दाताखाली आला पाहिजे, असं आमची नानी म्हणायची.

दख्खनमध्ये हा पदार्थ आणखी एका वाटेने आला. येमेनमधल्या हद्रमौतचे अरब शिपाई निजामाच्या फौजेत होते. हैदराबादच्या बारकस भागाचं नाव त्यांच्याच बराकींवरून पडलं. असे अरब पेशव्यांच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतही होते. त्यांचे वंशज, चाऊस मंडळी, आज मराठवाड्यात गावोगाव आहेत आणि अस्सल मराठी बोलतात. तेव्हा त्या मुलाला मी म्हटलं, "बेटा, गहू आपल्या शेतातला, डाळ आपली, घोटणारे हातही आपलेच. मग बाहेरचं काय राहिलं?"

तरी माझ्या दृष्टीने पाककृती हा या इतिहासाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा ताटात आहे. खिचडा एका कुटुंबापुरता करताच येत नाही. इतकं सरपण, इतके तास, इतके हात चार माणसांसाठी कोण लावणार? देग चढली की वाटणं आलंच. पैगंबरांनी (स.) आपले सहकारी अबू जर यांना सांगितलं होतं की रस्सा करशील तेव्हा पाणी थोडं जास्त घाल आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव. ही हदीस मी पुस्तकात फार नंतर वाचली. अम्मीच्या हातून ती आधीच पाहिली होती.

ताट परत येण्याचाही एक नियम होता. "खाली बर्तन वापस नक्को करो," दादी म्हणायची. हाच नियम काकूंच्या घरीही होता. त्यांच्याकडून वाटी यायची ती तिळगुळाची, नाहीतर शेतातल्या हुरड्याची. इब्न बतूताने नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल लिहिलंय की त्यांच्या जेवणात भात, भाज्या आणि तिळाचं तेल असतं. तीळ इथे इतका जुना आहे.

ही ये-जा एकदा थांबलेली मी पाहिली आहे. 1993 चा जानेवारी. मुंबई जळत होती. आमच्या गावात काही झालं नाही, पण गल्ली संध्याकाळी सहालाच बंद व्हायची. त्या वर्षी देग चढली नाही. संक्रांतीला अम्मी दिवसभर दाराकडे बघत होती, पण तसं म्हणाली नाही. अंधार पडल्यावर कडी वाजली. काकू स्वतः आल्या होत्या, पदराखाली वाटी घेऊन. नेहमी मुलांच्या हातून वाटी पाठवायच्या, त्या दिवशी मुलांना पाठवलं नाही. दोघी दारातच उभ्या राहिल्या. "गोड बोला" म्हणायचा तो दिवस, पण दोघींपैकी कोणीच काही बोललं नाही. अम्मीने वाटी रिकामी केली आणि घरात दुसरं काही नव्हतं म्हणून तीत साखर भरून दिली.

पुढे 1997, 1998 आणि 1999 अशी सलग तीन वर्षं संक्रांत रमजानमध्ये आली. आपलं हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत साधारण तेहतीस वर्षांनी त्याच जागी येतो. त्या तीन वर्षी काकू तिळगूळ मगरीबच्या आधी पाठवायच्या. आमचा रोजा खजुराने सुटायचा आणि त्यानंतर लगेच हातात तिळाचा लाडू.

आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. देग मामाच्या घरी पोटमाळ्यावर आहे. खिचडा कुकरमध्ये होतो, चार माणसांपुरता. म्हणजे जे करताच येत नाही असं मी वर लिहिलं, ते आता आम्ही करतो. शेजारी वाईट नाहीत. आम्हीच ताट नेत नाही. घेतील का, काय म्हणतील, विचारतील का कशाचं मटण, असले हिशेब जिना उतरण्याआधीच मनात होतात.

हिशेबाप्रमाणे 2030 आणि 2031 च्या संक्रांती पुन्हा रमजानमध्ये येतील. तोवर वाट बघायची नाही, असं मी आणि बायकोने ठरवलंय. या थंडीत देग खाली उतरवायची. माझ्या मुलीने आजवर कधी कोणाच्या दारात ताट नेलेलं नाही. पहिल्या मजल्यावर मटण चालत नाही, एवढं तिला माहीत आहे. तिकडे हलवा आधी जाईल.