नौकेची निगा आणि नाविकाचे ज्ञान : ‘सुहेली’चा दाखला

सागरी इतिहासाच्या लेखनात नौका कोणत्या बंदरातून सुटली, ती कोणी चालविली आणि कोठे पोचली, याची नोंद बहुधा काळजीपूर्वक केलेली असते. मधल्या काळात ती तरंगती कशी राहिली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. लहान शिडाच्या नौकेवर एकट्याने महिनोन्‌महिने राहणाऱ्या नाविकाच्या बाबतीत हा प्रश्न गौण मानता येत नाही. नौका हेच त्याचे घर आणि कोठार. सुताराची, शिंप्याची व यंत्र दुरुस्त करणाऱ्याची कामेही त्यालाच करावी लागतात. हे ज्ञान तो कोठून मिळवितो, याचा विचार येथे तीन नौकांच्या आधारे करावयाचा आहे. त्यांपैकी एकीची बांधणी मुंबईची, तर दुसरीची गोव्याची आहे.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला नाविक म्हणजे जोशुआ स्लोकम. 1892 साली अमेरिकेतील फेअरहेवन येथे त्याला ‘स्प्रे’ नावाची एक जीर्ण नौका मिळाली. ती शेतात टेकू लावून उभी होती. स्लोकमने ओक वृक्ष तोडून तिचा कणा व बरगड्या नव्याने घडविल्या. या कामी 13 महिने व साहित्यापोटी 553.62 डॉलर लागले. 24 एप्रिल 1895 रोजी तो बोस्टनहून निघाला आणि 27 जून 1898 रोजी न्यूपोर्टला परतला. नौकेची प्रत्येक फळी त्याच्या हाताखालून गेली होती, ही गोष्ट त्याच्या प्रवासाची केवळ पार्श्वभूमी नव्हे. ते त्याचे शिक्षणच होते.

या दृष्टीने ‘सुहेली’चा दाखला विशेष विचारात घेण्याजोगा आहे. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरील अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1963 ते 1964 या काळात ही 32 फूट लांबीची नौका मुंबईस कुलाबा येथे बांधून घेतली. आराखडा अमेरिकन रचनाकार विल्यम ॲटकिन यांचा. त्याचे मूळ नॉर्वेच्या बचावनौकांत होते. लाकूड मात्र सागवान होते आणि हात येथील सुतारांचे. वाडिया घराण्याने 1817 साली मुंबईत बांधलेली सागवानी ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे, हे लक्षात घेतल्यास ‘सुहेली’मागील परंपरा किती जुनी आहे ते कळून येते.

14 जून 1968 रोजी नॉक्स-जॉन्स्टन फॅल्मथहून एकटेच निघाले. प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यात, अटलांटिक महासागरात, नौकेत पाणी शिरू लागले. बुडी मारून पाहता मुख्य डोलकाठीच्या खालच्या बाजूस, कण्यालगतच्या फळ्यांचा सांधा उघडल्याचे आढळले. सांध्यात नुसता कापूस ठासून तो टिकेना. तेव्हा त्यांनी कापसाला कॅनव्हासची पट्टी शिवली, ती तांब्याच्या चुकांनी पाण्याखाली ठोकून बसविली आणि वर तांब्याचा पत्रा मारला. मध्येच आलेल्या शार्क माशाचाही बंदोबस्त करावा लागला. पुढे पिण्याचे पाणी दूषित झाले, तेव्हा पावसाचे पाणी साठविणे भाग पडले; सुकाणू आपोआप सांभाळणारी योजना ऑस्ट्रेलियाच्या सुमारास निकामी झाली, तेव्हा शिडांचा तोल साधून नौका मार्गावर ठेवावी लागली. बॅटरी भारित करणाऱ्या यंत्रातील फट मोजण्यास साधन नव्हते. ती पुस्तकाच्या पानांच्या जाडीवरून मोजली गेली. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, ते फॅल्मथला परतले. एकट्याने, कोठेही न थांबता केलेली ही पहिलीच प्रदक्षिणा. स्पर्धेत उतरलेल्या 9 जणांपैकी ती पुरी करणारे ते एकटेच होते.

या दुरुस्त्यांना निव्वळ धैर्याच्या कथा मानणे अपुरे ठरेल. फळी कोठे कशी जोडली आहे हे ठाऊक असल्याखेरीज उघडलेला सांधा बुजविता येत नाही. दुरुस्ती हे एका अर्थी बांधणीचेच उलट्या क्रमाने केलेले वाचन होय.

हाच क्रम पुढे गोव्यात दिसतो. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 56 फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे बांधणीच्या काळात तिच्याशी निगडित होते. त्याआधी ते इंग्लंडमध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे काही काळ शिकून आले होते. ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघून, 4 बंदरांत थांबून, मे 2010 मध्ये ते परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. मुंबईत घडलेल्या नौकेवर मिळालेला अनुभव अशा रीतीने चार दशकांनी कोकण किनाऱ्यास परत आला.

तथापि या परंपरेची नोंद एकांगी आहे. नाविकाची रोजनिशी व ग्रंथ उपलब्ध असतात. ज्या सुतारांनी सांधे बसविले त्यांना इतिहासग्रंथांत क्वचितच स्थान मिळते. कोकणातील लाकडी नौकाबांधणीची जागा फायबरग्लासने मोठ्या प्रमाणावर घेतली असल्याने त्या कारागिरांचे शब्द, मापे व हातोटी नोंदविण्याचे काम लांबणीवर टाकता येणार नाही. नाविकाच्या ग्रंथातील दुरुस्तीचे प्रत्येक वर्णन अभ्यासकाने कारागिराच्या कामाचा पुरावा म्हणूनही वाचावयास हवे. तसे वाचल्यास सागरी इतिहासाचा आरंभ बंदरातून नव्हे, तर नौका बांधली गेली त्या जागेपासून करावा लागेल.