सॅम शार्पचा संप

जमैकातली गुलामगिरी संपवल्याचे श्रेय सहसा लंडनच्या संसदेला दिले जाते. १८३३ चा कायदा तिथे झाला हे खरे. पण त्याची निकड निर्माण केली ती माँटेगो बेच्या परिसरातल्या ऊसमळ्यांनी. सॅम्युअल शार्प हा तिथला गुलाम, बाप्टिस्ट मंडळीतला डीकन. त्याला वाचता येत होते. इंग्लंडात गुलामगिरीविरुद्ध उठलेला आवाज आणि मळेवाल्यांचा त्याला असलेला कडवा विरोध, दोन्ही त्याने वर्तमानपत्रांतून जाणून घेतले होते. प्रार्थनेनंतर मागे थांबलेल्यांना तो बायबलावर शपथ घ्यायला लावी: १८३१ चा नाताळ सरला की मजुरी मिळाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. इतिहासात बंड म्हणून नोंदलेली ही गोष्ट मुळात संपाची हाक होती, आणि शार्पचे मोठेपण मला त्यातच दिसते. गुलामाने मजुरी मागणे म्हणजे आपण कोणाची मालमत्ता नाही, हे मालकाला तोंडावर सांगणे.

२७ डिसेंबरला केन्सिंग्टनचा मळा पेटला आणि संप शार्पच्या हातून निसटला. म्हणून त्याला हिंसेचा पुढारी ठरवणाऱ्यांनी मृतांचे आकडे पाहावेत. हजारो गुलाम उठले, त्यात गोरे मेले १४. लढाईत मारले गेलेले गुलाम २०० हून अधिक, आणि खटले चालवून मारलेले आणखी ३०० हून अधिक. २३ मे १८३२ ला शार्पही फासावर गेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ब्रिटनमधली चळवळ जुनी होती, १८३२ च्या सुधारणेने संसदही बदलली, तेव्हा कायदा झालाच असता. असता कदाचित, पण केव्हा? १८२३ पासून संसद गुलामांची स्थिती हळूहळू सुधारण्याचेच बोलत होती आणि मळेवाले तेही होऊ देत नव्हते. शार्पच्या उठावाने हा सबुरीचा मार्ग बंद केला. जमैकातून परतलेल्या विल्यम निब यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी इंग्लंडात डोळ्यांदेखत घडलेले सांगितले. गुलामगिरी टिकवणे आता ती संपवण्यापेक्षा धोक्याचे आहे, हे पटायला लागले.

कायद्याने भरपाईचे दोन कोटी पौंड दिले ते मालकांना. गुलामांच्या वाट्याला आली ‘उमेदवारी’, म्हणजे आठवड्याचा बराचसा काळ पुन्हा बिनपगारी राबणूक. शार्पने मागितलेली मजुरी त्यांना मिळू लागली ती ही उमेदवारी संपल्यावर, १ ऑगस्ट १८३८ नंतर. ती देणे मळेवाल्यांना इतके जड गेले की १८४५ मध्ये कलकत्त्याहून गिरमिटियांचे, म्हणजे करारबद्ध मजुरांचे, पहिले जहाज जमैकाच्या किनाऱ्याला लागले.