कातरकामातील आकृती-पार्श्वभूमी संबंध

कागद कापून केलेल्या संकल्पनात पुढे दिसणारा आकार (आकृती) आणि त्याच्यामागे पसरलेली वाटणारी जागा (पार्श्वभूमी) यांचे परस्परावलंबी नाते. कुंचल्याने आकार रंगवला की उरलेली जागा आपोआप पार्श्वभूमी होते, तिचा वेगळा विचार करावा लागत नाही. कात्रीच्या एका चालीत मात्र दोन आकार जन्मतात : कापून निघालेला आणि मागे राहिलेला. दोघांची कड एकच असते आणि दोन्ही हातात धरता येतात. म्हणूनच हे नाते शिकण्यासाठी कातरकामाइतके प्रामाणिक माध्यम दुसरे नाही.

डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ मध्ये या नात्याची पद्धतशीर मांडणी केली. फुलदाणी आणि समोरासमोरचे दोन चेहरे आलटून पालटून दाखवणारे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. दोन क्षेत्रांमधली सीमा एका वेळी एकाच क्षेत्राची वाटते. ती ज्याची, त्याला घाट येतो आणि ते पुढे सरकते. दुसरे क्षेत्र घाट गमावून त्याच्या मागून सलग गेल्यासारखे भासते. लहान, चहूबाजूंनी वेढलेला, सममित किंवा बाहेरच्या बाजूला फुगीर आकार आकृती ठरण्याची शक्यता अधिक असते.

या तत्त्वाचा सर्वांत फलदायी अभ्यास म्हणजे चौरसाचा विस्तार. त्यामागे नोतान ही गडद आणि उजळ यांच्या तोलाची जपानी कल्पना आहे. अमेरिकी कलाशिक्षक आर्थर वेस्ली डाऊ यांनी १८९९ मधील ‘कॉम्पोझिशन’ या पुस्तकात रेषा आणि रंग यांच्या जोडीने नोतानला रचनेचे मूलघटक मानले. डॉर बॉथवेल आणि मार्लिस मेफील्ड यांच्या १९६८ च्या नोतानविषयक पुस्तकामुळे कागदी चौरसाचा अभ्यास अनेक कलावर्गांत पोहोचला.

पांढऱ्या कागदावर काळ्या कार्डपेपरचा चौरस ठेवतात. त्याच्या एका बाजूपासून आत शिरणारा आकार कापतात आणि तो त्याच बाजूवर बिजागरीसारखा उलटून बाहेर, आरशातल्या प्रतिबिंबासारखा, चिकटवतात. आत पांढरी खाच, बाहेर तिच्याच मापाचा काळा तुकडा. नियम एकच, पण कडक : कोणताही तुकडा टाकायचा नाही. काळ्याचे एकूण क्षेत्रफळ सुरुवातीला जितके होते तितकेच शेवटी राहते. पहिले दोन-तीन काप होईपर्यंत चौरस ठामपणे आकृती असतो आणि खाचा म्हणजे नुसती भोके. काप वाढू लागले, बाहेर आलेल्या तुकड्यातून पुन्हा छोटा आकार कापून तो आतल्या खाचेत परतवला, की पांढऱ्यात काळे आणि काळ्यात पांढरे अशी गुंतागुंत होते आणि चौरसाची सत्ता ढळते. त्याची मूळ बाजू मात्र, कापली गेली तरी, दोन्हीकडच्या आकारांच्या जुळणीतून डोळ्याला सलग दिसत राहते. न काढलेली रेषा दिसणे, हे या अभ्यासाचे खरे फळ आहे.

साहित्याची निवड इथे गौण नाही. शाळेत वापरला जाणारा घोटीव कागद एकाच बाजूने रंगीत असतो. उलटला की पांढरी पाठ वर येते आणि अभ्यास फसतो. दोन्ही बाजूंनी काळा कागदच लागतो. चिकटवलेला तुकडा जाडीमुळे खरोखरच वर असतो आणि त्याची बारीक सावली पडते, त्यामुळे काळ्याला पुढे येण्याची आयती सवलत मिळते. ती मोडून खालच्या पांढऱ्याला पुढे आणणे ही कातरकामातली अवघड आणि सुंदर गोष्ट आहे.

लोकपरंपरांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. चिनी कातरकामात यांग पद्धतीत रेषा राखून भोवतालचा कागद काढतात, तर यिन पद्धतीत रेषाच कापून काढतात. अनेक कृतींत दोन्ही एकत्र येतात. मथुरा-वृंदावनच्या सांझीत कागदाच्या जाळीवरून रंगाची पूड सोडतात, म्हणजे कागदातली पोकळी जमिनीवर आकृती होते. जाळी कापताना आतला तुकडा सुटून पडू नये म्हणून बारीक दुवे ठेवावे लागतात. हे दुवे लपवण्यापेक्षा नक्षीतच मुरवणारा कारागीर श्रेष्ठ. आपल्याकडच्या रांगोळीच्या छापांतही हीच अडचण असते.

आधुनिक कलेत आंरी मातीस यांचे काम सर्वांत महत्त्वाचे. गुआश रंगाने रंगवलेले कागद ते थेट कात्रीने कापत. १९५२ च्या ‘ब्ल्यू न्यूड’ मालिकेत निळ्या अवयवांमधल्या पांढऱ्या फटी सांध्यांचे आणि घडणीचे काम करतात. त्या बुजवल्या तर बसलेली स्त्री उरणार नाही, निळा डाग उरेल. शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी यांनी दृष्टी गेल्यानंतर कागद कापून चित्रे केली. कड बोटांनी चाचपता येते, ही या माध्यमाची सोय त्यांच्यासाठी किती मोलाची होती हे त्या कृतींतील आकारांच्या नेमकेपणावरून कळते.

महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षांच्या संकल्पचित्रामुळे विद्यार्थ्यांना आकृतिबंध आणि पार्श्वभूमीची ओळख लवकर होते. मात्र आधी फुले-पाने रेखाटायची आणि शेवटी उरलेल्या जागेत एक रंग भरायचा, ही सवय पार्श्वभूमीला कायम दुय्यम ठेवते. रंगपेटीआधी काही आठवडे काळा कागद आणि कात्री दिली, तर पाकळीइतकीच दोन पाकळ्यांमधली जागाही विद्यार्थी आखू लागतो.